येडाईतली आई

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, सोलापूर–धुळे महामार्गावर, बालाघाटाच्या डोंगरांत येरमाळा आहे. गावाजवळच्या डोंगरावर येडेश्वरीचं ठाणं. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते, आणि चुन्याच्या रानात माणसांचा समुदाय वाकून चुनखडीचे खडे वेचू लागतो. पाटीवर, पावतीवर देवीचं नाव येडेश्वरी. आराध्यांच्या तोंडी, संबळ-झांजेच्या ठेक्यावर ती येडाई असते, नाहीतर येडामाय. ‘ईश्वरी’ हा शब्द संस्कृतातून आला, हे सांगायला पंडित लागत नाही. ‘आई’ कुठून आली हे विचारलं, की वाट तमिळनाडूपासून आसामपर्यंत फिरते आणि पाळण्यापाशी येऊन थांबते.

नावाची कथा या भागात घरोघर माहीत आहे. राम सीतेच्या शोधात बालाघाटात आला. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर उभी राहिली. रामानं तिला ओळखलं. ‘तू का आई?’ असं त्यानं विचारलं म्हणून तुळजापुरात ती तुकाई झाली, आणि ‘वेडी आई’ म्हटलं म्हणून येरमाळ्यात येडाई. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, आई बदलत नाही. वेडीची येडी होणं हा इथल्या बोलीचा नित्याचा व्यवहार आहे. वेळेचीही येळ होते. मला या कथेत महत्त्वाचं वाटतं ते हे, की परक्या रूपात समोर आलेल्या बाईला राम ओळखतो आणि पहिला शब्द उच्चारतो तो आई. लोकांनी दोन देवस्थानांची नावं त्या एका हाकेवर उभी केली.

महाराष्ट्रात देवींच्या नावामागं ही आई सर्वत्र आहे: तुकाई, यमाई, जोगाई, मेसाई, जाखाई. पटकीच्या साथीत जिचा गाडा गावाबाहेर नेत ती मरीआई. पाचवीला येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाणारी सटवाई. तान्हं मूल झोपेत हसलं की सटवाई हसवते आहे असं म्हणतात. तुळजापुरात ‘आई राजा उदो उदो’ असा गजर होतो, तिथं तर आईला राजाही करून टाकलं आहे. या शब्दाचं मराठीतलं वय सांगणारा एक चांगला पुरावा महानुभावांकडे आहे. तेराव्या शतकात धवळे रचणाऱ्या आद्य कवयित्रीचं नाव महदंबा, आणि तिलाच महदाइसा असंही म्हणत. एकाच बाईच्या नावात एकीकडे संस्कृतातली अंबा, दुसरीकडे घरातली ‘आइ’, आणि वर आदराचा ‘सा’. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी अंबा आणि आई या एकमेकींच्या जागी बसत होत्या.

आता मराठीबाहेर पाहू. आसामीत ‘आइ’ म्हणजे आई, आणि देवीही: देवी आल्या की शीतलेला आळवण्यासाठी बायका जी गाणी म्हणत त्यांना ‘आइ नाम’ म्हणतात. गुजरातेत चारणांच्या देवींच्या नावाआधी ‘आई’ लागते, आई खोडियार, आई सोनल. राजस्थानात बिलाड्याला सीरवी समाजाची आई माता आहे. येरमाळ्याची येडाई या साऱ्यांची सख्खी बहीण वाटावी इतकं हे जवळचं आहे. पण पूर्वेला ओडिशात जा, तिथं ‘आई’ म्हणजे आईची आई, आजी. धाराशिवच्या सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकातही ‘आयी’ ही आजीच. आजी-आजोबांना तिकडं ‘आयी-मुत्या’ म्हणतात. तमिळमध्ये ‘आय्’ किंवा ‘आयी’ म्हणजे आई, आणि त्याच भाषेत लेकरांशी बोलताना ‘आय्’ म्हणजे शी. चिनी भाषेत ‘आ-यी’ ही मावशी, आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही तेच नाव. आपणही तिला मावशीच म्हणतो. पोर्तुगिजांची ‘आया’ मूल सांभाळणारी, ती तशीच आपल्या भाषांत राहिली. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेत ‘आइता’ म्हणजे तर बाप.

या सगळ्या भाषा एका कुळातल्या नाहीत. कोणी कोणाकडून शब्द उसना घेतला असं म्हणावं, तर बास्क आणि चिनी यांची गाठ कुठं पडणार? उत्तर बाळाच्या तोंडात आहे. सहा-सात महिन्यांचं मूल बडबडू लागतं तेव्हा त्याला येणारे आवाज मोजके असतात. तोंड उघडलं की आ. ओठ मिटून उघडले की मा, पा, बा. जीभ दातांमागं टेकली की ता, ना. धाराशिवचं मूल, बीजिंगचं मूल आणि आसामातलं मूल यांत इथपर्यंत फरक नाही. त्या आवाजांत अर्थ नसतो. अर्थ लावतात ती भोवतालची मोठी माणसं. जो पाळण्यावर वाकलेला असतो तो म्हणतो, बघा, मलाच हाक मारली.

याचा पद्धतशीर विचार रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं केला. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आईबापांसाठीचे 1072 शब्द गोळा केले होते. त्यांतले 531 आईचे, 541 बापाचे. आईच्या शब्दांत म, न यांसारखी अनुनासिकं सुमारे 55 टक्क्यांत सापडली, बापाच्या शब्दांत 15 टक्क्यांत. याकबसननं 1960 साली छापून आलेल्या निबंधात याचं कारण सांगितलं. मूल अंगावर पीत असताना ओठ बंद असतात, आवाज फक्त नाकातून निघू शकतो. तो हुंकार दुधाशी जोडला जातो. पुढं भूक लागली की मूल तोच हुंकार काढतं. त्यानंतर तो दूध देणारीचं नाव होतो.

हे वाचताना मराठी माणसाला अडखळायला होतं, कारण आपल्या ‘आई’त म नाही, न नाही, एकही व्यंजन नाही. दोन स्वर, तोंड उघडून हाक मारायला पुरेसे. मग मराठी लेकराचा तो हुंकार गेला कुठं? तो गेला नाही. तो मंमं झाला. भात कालवून घास भरवताना ‘मंमं कर’ म्हणणारी प्रत्येक आजी याकबसननं सांगितलेली मधली पायरी रोज म्हणून दाखवते. भूक, मग अन्न, मग आई, अशा तीन पायऱ्यांपैकी मराठीत तो आवाज अन्नापाशी थांबला. जपानी मुलांच्या बोलीतही ‘माम्मा’ म्हणजे भात, जेवण. आईसाठी आपल्याकडे ‘माय’ आहेच, पण ती संस्कृत मातेवरून आली. आणि गंमत अशी, की ‘मातृ’मधला ‘तृ’ हा पितृ, भ्रातृ, दुहितृ यांत दिसणारा नात्याचा प्रत्यय. तो काढला तर हाती उरते ती ‘मा’, पुन्हा बाळाचीच.

बाळबोलीच्या अभ्यासात मराठीला मानाचं स्थान आहे, आणि ते बहुतेक मराठी वाचकांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. 1964 साली अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली: सीरियातली अरबी, कोमांची, गिलियाक, अमेरिकन इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा मराठी बाळबोलीवरचा लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात छापून आला. केळकर पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले नामांकित भाषाशास्त्रज्ञ झाले. त्यांच्या ‘रुजुवात’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, भुर्र, शू, बाऊ, गाई या शब्दांना व्याकरण असतं, ते मोठ्यांच्या भाषेहून वेगळं असतं आणि तरी त्या भाषेच्या वळणाचंच असतं, हे या अभ्यासांनी दाखवलं. एकच उदाहरण पुरे: ‘पापा’. फ्रेंच मुलाचा तो बाप. जुन्या लॅटिनमध्ये ‘पापा’ म्हणजे लेकराचं खाणं. तमिळमध्ये ‘पाप्पा’ म्हणजे खुद्द बाळ. आणि मराठीत पापा घ्यायचा असतो, गालाचा.

आपल्या पूर्वजांनी या शब्दांना तुच्छ मानलं नव्हतं. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातल्या 112 व्या सूक्तात एक कवी आपल्या घराची ओळख करून देतो: मी कवी, बाप वैद्य, आई दगडावर दळणारी. इथं त्यानं पितृ-मातृ असे भारदस्त शब्द वापरलेले नाहीत. बापाला ‘तत’ म्हटलं आहे, आईला ‘नना’. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दळणाऱ्या बाईला लेकरानं मारलेली हाक सूक्तात तशीच टिकली. आणि तिचा पुढचा प्रवास पाहा. हिंदीत नाना म्हणजे आईचा बाप. तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे बाप. मराठीत नाना हे घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव, नाना फडणवीस, नाना शंकरशेट. इटलीत मात्र ‘नोन्ना’ आजी. नना पुरुष कधी झाली हे विचारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक घरानं तो आवाज नव्यानं वाटून घेतला.

पाणिनीनं तर आईला हाक मारण्यासाठी वेगळा नियम केला. आई या अर्थाच्या शब्दांचा शेवटचा स्वर संबोधनात आखूड होतो: अम्बाचं अम्ब, अक्काचं अक्क, अल्लाचं अल्ल. यातली अक्का संस्कृतात आई होती. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मराठीत ती थोरली बहीण आहे. मराठवाड्यातलं पोर ‘आये’ अशी हाक मारतं तेव्हा तेही शब्दाला संबोधनाचा वेगळा आकार देतं, फक्त शेवट आखूड करण्याऐवजी लांबवून.

बडबडीतला आवाज कोणत्या नात्याला चिकटतो हे घराची घडी ठरवते, याचा माझ्या मते सर्वांत ठोस पुरावा सोयरिकीत आहे. ‘मामा’ घ्या. जगात कितीतरी ठिकाणी ती आई. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप, आणि आई ‘देदा’. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जरा भाषेतही मामा बापच. आपल्याकडे तो आईचा भाऊ, आणि मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत असल्यानं तोच सासरा होतो. सूनही सासऱ्याला मामंजीच म्हणते. सासूला आत्याबाई म्हणते, कारण या रीतीत मुलीची सासू तिच्या बापाची बहीण असायची. ‘अत्ता’ हा शब्दही पाळण्यातलाच. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे सातवाहनांच्या नावाशी जोडलेल्या महाराष्ट्री प्राकृतात, अत्ता म्हणजे सासू. तेलुगूत अत्ता म्हणजे आत्याही आणि सासूही. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या देशी शब्दांच्या कोशात तिला आई, आत्या, सासू आणि मैत्रीण असे चार अर्थ दिले आहेत. तिकडं लॅटिनमध्ये अत्ता म्हणजे बाप, गॉथिकमध्ये बाप, तुर्कीत ‘अता’ म्हणजे बाप, पूर्वज. तोच आवाज आपल्या बाजूला बाईचा झाला, पश्चिमेला पुरुषाचा. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर बसलेला महाराष्ट्र दाखवला आहे. मामंजी आणि आत्याबाई हे त्या सांध्याचे शब्द.

एकत्र कुटुंबात तर हे डोळ्यांसमोर घडायचं. काका लोक आईला वहिनी म्हणत, म्हणून मूलही जन्मदात्रीला वहिनीच म्हणे. बापाच्या धाकट्या भावंडांच्या तोंडचं ऐकून त्याला दादा किंवा भाऊ म्हणे. आणि बाप ज्या बाईला आई म्हणे तिला, म्हणजे आजीला, तेही आई म्हणे. अशी माणसं साठी-सत्तरीत आजही भेटतात, आणि आईचा विषय निघाला की वहिनीबद्दल बोलू लागतात. ऐकणारा क्षणभर गोंधळतो, बोलणारा गोंधळत नाही.

आता खेड्यातही मम्मी-पप्पा आले आहेत. पुष्कळांना याचं दुःख होतं. मला ते पुरतं पटत नाही. मम्मीतला म कुठून परका आणलेला नाही, तो मंमंमधलाच आहे. पण त्यामुळं आईच्या जागेत जो बदल होतो आहे तो नोंदवून ठेवायला हवा. ज्या घरात आई मम्मी झाली, तिथं लेकरू बापाच्या तोंडून ‘आई’ ही हाक ऐकतं ती आजीसाठी, आणि तेही आजीलाच आई म्हणू लागतं. असं घर आता येरमाळ्यासारख्या गावातही सापडेल आणि न्यू जर्सीतल्या मराठी वस्तीतही. ओडियात आई आजीच आहे, उत्तर कर्नाटकातली आयीही आजीच. मराठीतली आई आता त्याच वाटेला लागली आहे.