विंचू, भगत आणि तीन तासांची गोळी

बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर पळसदरी आणि मंकी हिल यांच्या दरम्यान ठाकुरवाडी नावाचा थांबा आहे. १८६३ पासून गाड्या हा घाट चढताहेत. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर याच नावाच्या वाड्या आणखीही आहेत, कारण जिथे ठाकर आदिवासींची वस्ती, तिथे ठाकुरवाडी. कारवीचे कुड शेणामातीने सारवलेले, पडवीला रचलेली लाकडं, शेताला दगडांचे बांध. विंचवाला याहून सोयीचं ठिकाण कुठलं?

विंचू चावला की पहिली हाक भगताला. तो मंत्र घाली, राख लावी, आघाड्याचं मूळ उगाळून लेप देई. भगताला हसणं सोपं आहे, पण त्याच्या हातून माणसं बरी झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. काळ्या विंचवाचा डंख ठणकतो फार, जीव सहसा घेत नाही. लाल विंचवाच्याही प्रत्येक डंखात घातक मात्रा उतरते असं नाही. सकाळपर्यंत ठणका ओसरे आणि यश लेपाच्या नावावर जमा होई.

जिथे विष खरोखर भिनलेलं असे, तिथे लेपाचा इलाज चालत नसे. कातडीचा वरचा थर बहुतेक पदार्थांना आत शिरू देत नाही. नांगी तो थर भेदून विष खालच्या ऊतींत सोडते आणि तिथून ते रक्तात जातं. लेप मात्र वरच राहतो.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवतं आणि अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब. मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये याच, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवत राहिले. १९८२ साली ही लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

निदान झालं, पण औषध कोणतं? रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड त्यांनी सलाइनवाटे वापरून पाहिलं आणि त्याचा गुण आला. ते शिरेतून जात असल्याने क्षणात काम सुरू करतं, थेंब थांबले की काही मिनिटांत त्याचा असर संपतो. म्हणजे रक्तदाबावरून नजर हलवायची सोय नाही. एक डॉक्टर आणि दारात रांग, अशा केंद्रात हे रोज कसं जमावं?

उत्तर रक्तदाबाच्या एका गोळीत सापडलं: प्राझोसिन. अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं रक्तवाहिन्यांवर ज्या जागी जाऊन त्यांना आवळतात, ती जागाच ही गोळी अडवते. तोंडावाटे घेतलेली गोळी आतड्यातून शोषली जाते आणि सर्वांगात पोचण्याआधी यकृतातून जाते; तिथे तिचा काही भाग खर्ची पडतो. उरलेलं औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतं. पुढे यकृतच त्याचं रूपांतर करतं आणि बरंचसं पित्तावाटे बाहेर पडतं. रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण दोन ते तीन तास लागतात. म्हणून मुलांना वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा, असा हिशेब बसला. पहिल्या मात्रेनंतर उठून बसलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं.

१९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभवही ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण एक ते तीन टक्क्यांवर उतरलं. या उपायाचं मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. त्याला अतिदक्षता विभाग लागत नाही, लागते ती स्वस्त गोळी आणि घड्याळ.

पुढे विंचवाच्या विषावरची लस आली. २०११ मध्ये बावस्करांनी ७० रुग्णांवरचा अभ्यास ‘बीएमजे’त मांडला. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१ टक्के दहा तासांत सावरले. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते, म्हणून ती जितकी लवकर मिळेल तितकी बरी. प्राझोसिन विषाला हात लावत नाही. विषाने उठवलेलं वादळ तेवढं आवरतं. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

कर्जत-खालापूरच्या वाडीवरून रुग्ण खाली आणायचा म्हणजे आधी पायवाट, मग गाडी. तेव्हा सोबत जाणाऱ्याने दोन-तीन गोष्टी कागदावर टिपून न्याव्यात: विंचू किती वाजता चावला, कोणती गोळी किती वाजता दिली, आणि ती घेतल्यावर उलटी झाली का. उलटीत पडलेली गोळी रक्तात पोचलेलीच नसते, आणि पुढची मात्रा ठरवताना डॉक्टरांना ते ठाऊक असायला हवं.