श्रेयनामावलीत नसलेली माणसं : ल्युबोव ओर्लोवाचं चरित्र कसं वाचायचं?

कलावंताच्या आयुष्यावर संशोधन करायचं ठरलं की प्रस्तावाचा आराखडा बहुतेक वेळा ठरलेलाच असतो. जन्म, शिक्षण, पहिला सिनेमा, गाजलेले सिनेमे, पुरस्कार, मृत्यू. वर मथळा : 'जीवन आणि कारकीर्द'. मग मार्गदर्शक एकच वाक्य विचारतात, 'ठीक आहे, पण यात प्रश्न काय आहे?' आणि आपली गाडी तिथेच अडते.

म्हणून आज पद्धतीशास्त्रावर कोरडं बोलण्यापेक्षा एक ठोस उदाहरण घेऊया. ल्युबोव ओर्लोवा. 1930 च्या दशकातल्या सोव्हिएत सिनेमाची सर्वांत मोठी तारका. (नुसतं नाव शोधलंत तर कदाचित आधी एक जहाज भेटेल. तिच्या नावाचं हे प्रवासी जहाज 2013 मध्ये अटलांटिकमध्ये दोर तुटून बेवारस भरकटलं होतं. आपल्याला जहाज नकोय, बाई हवी आहे.)

आधी सांगाडा

ओर्लोवाचा जन्म 1902 चा, मॉस्कोजवळच्या झ्वेनिगोरोदचा. घराणं जुनं, उमराव वर्गातलं. 1917 च्या क्रांतीनंतर ही ओळख मिरवण्याची नव्हे, लपवण्याची गोष्ट झाली. तिनं मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयात पियानो शिकला आणि पोटासाठी मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोर बसून पियानो वाजवला. 1926 पासून ती नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या संगीत नाटकमंडळीत होती. पहिला नवरा आंद्रेई बर्झिन कृषी खात्यातला अधिकारी. 1930 मध्ये त्याला अटक झाली.

दुसरा नवरा ग्रिगोरी अलेक्सांद्रोव, दिग्दर्शक. तो आयझेनस्टाईनचा सहकारी, त्याच्याबरोबर अमेरिका आणि मेक्सिको फिरून आलेला. हॉलिवूडच्या संगीतपटांचं तंत्र त्यानं जवळून पाहिलं होतं. या जोडीचे सिनेमे असे : 'व्हेस्योलिये रेब्याता' म्हणजे 'आनंदी पोरं' (1934), 'त्सिर्क' म्हणजे 'सर्कस' (1936), 'वोल्गा-वोल्गा' (1938), 'स्वेत्ली पुत' म्हणजे 'उजळ वाट' (1940), 'व्हेस्ना' म्हणजे 'वसंत' (1947). दोन स्टालिन पारितोषिकं (1941 आणि 1950), 1950 मध्ये 'सोव्हिएत संघाची लोककलावंत' हा किताब, पुढे मोसोवेत थिएटरात नाटकं. मृत्यू जानेवारी 1975, मॉस्को.

झालं. हा सांगाडा कुठल्याही कोशात मिळतो. यावर प्रबंध होत नाही. प्रबंध सुरू होतो तो या तारखा दुसऱ्या तारखांशेजारी ठेवल्यावर.

तारखा शेजारी ठेवून बघा

'आनंदी पोरं' प्रेक्षकांसमोर आला डिसेंबर 1934 च्या शेवटी. त्याच महिन्याच्या 1 तारखेला लेनिनग्राडमध्ये किरोवचा खून झाला होता आणि अटकसत्राला वेग आला होता. 'सर्कस' आला मे 1936 मध्ये, पहिला मॉस्को खटला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. 'वोल्गा-वोल्गा' आला एप्रिल 1938 मध्ये, म्हणजे महादहशतीच्या ऐन मध्यात. या सिनेमातली मंडळी गात-नाचत जलमार्गानं मॉस्कोला पोचतात. तिथे दिसणारा झगमगीत मॉस्को-वोल्गा कालवा 1937 मध्ये खुला झाला होता आणि तो प्रामुख्यानं दमित्रोवच्या श्रमछावणीतल्या कैद्यांनी खणला होता.

आता इथे एक मोह होतो. 'बघा, बाहेर माणसं मरत होती आणि ही हसत होती' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. वाक्य दणदणीत आहे, पण त्यातून काही कळत नाही. विरोधाभास दाखवणं म्हणजे स्पष्टीकरण देणं नव्हे. दहशत आणि हसू यांचा संबंध नेमका कुठे, कोणत्या कागदावर, कोणाच्या आयुष्यात दिसतो, हे शोधायला हवं. त्यासाठी फार लांब जायला लागत नाही. सिनेमाची श्रेयनामावली उघडायची.

श्रेयनामावली हाही दस्तऐवज

'आनंदी पोरं'ची पटकथा अलेक्सांद्रोवबरोबर निकोलाय एर्दमान आणि व्लादिमीर मास यांनी लिहिली. एर्दमान म्हणजे 'आत्महत्या' या नाटकाचा लेखक, ज्या नाटकाला मंचावर येऊच दिलं नाही. 1933 च्या शरदात काळ्या समुद्राकाठी गाग्रा इथे चित्रीकरण चालू असतानाच दोघांना उपरोधिक कवितांवरून अटक झाली. एर्दमानला सायबेरियात येनिसेईस्कला धाडलं, मासला तोबोल्स्कला. सिनेमा पूर्ण झाला, देशभर लोक खदखदून हसले, आणि ज्यांनी ते विनोद लिहिले त्यांची नावं पडद्यावर नव्हती. पुढे 'वोल्गा-वोल्गा'च्या लेखनातही एर्दमानचा हात होता. नाव तिथेही नाही.

दुसरा माणूस व्लादिमीर निल्सन, छायाचित्रकार. 'आनंदी पोरं', 'सर्कस' आणि 'वोल्गा-वोल्गा' या तिन्ही सिनेमांत त्याचं काम आहे. ओर्लोवाचा चेहरा पडद्यावर जसा उजळून दिसतो, त्यात त्याच्या प्रकाशयोजनेचा वाटा मोठा. छायाचित्रणावरचं त्याचं पुस्तक इंग्रजीतही गेलं होतं. 1935 मध्ये सिनेखात्याचा प्रमुख बोरिस शुम्यात्स्की याच्याबरोबर तो अमेरिकेतली स्टुडिओव्यवस्था बघून आला. ऑक्टोबर 1937 मध्ये अटक, जानेवारी 1938 मध्ये गोळी. सिनेमा एप्रिलमध्ये लागला तेव्हा त्याचं नाव काढलेलं होतं. शुम्यात्स्कीलाही जानेवारी 1938 मध्ये अटक झाली आणि जुलैमध्ये गोळी घातली गेली. 1941 मध्ये 'सर्कस' आणि 'वोल्गा-वोल्गा' या सिनेमांसाठी ओर्लोवा आणि अलेक्सांद्रोव यांना स्टालिन पारितोषिक मिळालं.

आता तिसरं उदाहरण मुद्दाम वेगळं घेतो. 'सर्कस' मुळात इल्फ, पेत्रोव आणि कतायेव यांच्या एका रंगमंचीय प्रहसनावरून घेतलेला. त्यांचीही नावं सिनेमात नाहीत. मग त्यांनाही अटक झाली का? नाही. अलेक्सांद्रोवनं त्यांच्या विनोदाचा भावुक मेलोड्रामा केला, ते त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून नावं काढून घेतली.

हा फरक नीट लक्षात ठेवा. परिणाम एकच, नाव गायब. कारणं दोन, आणि एकमेकांपासून कोसभर लांब. एकात राज्यसत्तेचा हात आहे, दुसऱ्यात लेखकाचा स्वाभिमान. 'नाव नाही म्हणजे दडपशाही' असं सूत्र आधीच धरून बसलो असतो तर इल्फ-पेत्रोवही आपण छळाच्या यादीत टाकले असते. अभाव हा पुरावा असतो, पण कशाचा पुरावा, ते प्रत्येक वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं.

तुम्ही कोणती प्रत बघताय?

'सर्कस'ची गोष्ट थोडक्यात अशी. मॅरियन डिक्सन ही अमेरिकी सर्कस कलावंत. तिचं मूल कृष्णवर्णीय आहे म्हणून जमाव तिच्या जिवावर उठतो, ती पळते. एक जर्मन व्यवस्थापक हे गुपित हातात धरून तिला राबवतो. शेवटी मॉस्कोच्या सर्कशीत तो बाळाला सगळ्यांसमोर आणून तिची बदनामी करू बघतो, तर प्रेक्षक हसतात, बाळ हातोहात पुढे देतात आणि सोव्हिएत संघातल्या वेगवेगळ्या भाषांत त्याला अंगाई गातात. बाळाचं काम करणारा जिम पॅटरसन खरोखरच एका आफ्रिकी-अमेरिकी बापाचा आणि सोव्हिएत आईचा मुलगा. बाप लॉइड पॅटरसन 1932 मध्ये एका सिनेमासाठी मॉस्कोत आला होता. तो सिनेमा झालाच नाही, पण तो तिथेच राहिला.

या अंगाईचं यिद्दिश कडवं गातात सोलोमोन मिखोएल्स, मॉस्कोच्या ज्यू नाट्यगृहाचे प्रमुख. जानेवारी 1948 मध्ये मिन्स्क इथे त्यांचा खून झाला आणि तो ट्रकचा अपघात म्हणून दाखवला गेला. त्यानंतर ज्यूविरोधी मोहीम वाढली आणि सिनेमातून त्यांचा भाग कापला गेला. स्टालिनच्या मृत्यूनंतर तो परत जोडला.

म्हणजे बघा, 1936 मधला 'सर्कस' आणि 1950 च्या आसपास दाखवलेला 'सर्कस' हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. पहिल्यात सगळ्या भाषांना जागा आहे, दुसऱ्यात एक भाषा कमी. 'आनंदी पोरं'चंही तसंच : नंतरच्या एका आवृत्तीत नायक उत्योसोवची गाणी दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहेत. आज मोसफिल्मनं हे जुने सिनेमे यूट्यूबवर टाकलेत, त्यामुळे घरबसल्या बघता येतात. सोय झाली, पण धोकाही वाढला. समोर दिसतंय ते 1930 च्या दशकातल्या प्रेक्षकाला दिसलेलंच आहे असं गृहीत धरलं जातं. प्रबंधात सिनेमाच्या नावापुढे फक्त साल लिहून भागत नाही. आवृत्तीही लिहावी लागते.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं?

ओर्लोवाबद्दल एक किस्सा फार सांगितला जातो. स्टालिननं एका समारंभात तिला 'काही हवंय का?' असं विचारलं आणि तिनं अटक झालेल्या पहिल्या नवऱ्याची चौकशी केली. मग तिला कार्यालयात बोलावून सांगण्यात आलं की हवं तर त्याच्याकडे जाऊन राहू शकता. किस्सा चांगला आहे, सिनेमात शोभेल असाच. पण त्यातले संवाद सांगणाऱ्यागणिक बदलतात.

असा किस्सा फेकून द्यायचा नाही आणि घटना म्हणूनही छापायचा नाही. तो 1930 च्या दशकाबद्दल कच्चा पुरावा आहे, पण पुढच्या पिढ्यांना ही बाई कशी आठवायची होती त्याबद्दल पक्का पुरावा आहे. लोकांना हवं होतं की तिनं एकदा तरी विचारलं असावं. ही इच्छासुद्धा इतिहासच.

याउलट काही साधनं त्याच काळात तयार झालेली. शुम्यात्स्की क्रेमलिनमधल्या खासगी खेळांच्या वेळी स्टालिन काय बोलला याच्या नोंदी ठेवायचा. 2005 मध्ये रशियात निघालेल्या दस्तऐवजांच्या खंडात त्या वाचायला मिळतात. अलेक्सांद्रोवचं आत्मकथन 1976 चं, म्हणजे 40 वर्षांनंतरचं, आणि सोव्हिएत सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेलं. दोन्ही वापरायचं, पण एकाच वजनानं नाही. शुम्यात्स्कीच्या नोंदीही निर्मळ नाहीत. आपल्या खात्याचे सिनेमे वरच्यांना आवडले हे दाखवणं त्याच्या जिवाच्या गरजेचं होतं.

मग ओर्लोवा कोण होती?

दोन सोपी उत्तरं तयार आहेत. एक : सत्तेची शोभेची बाहुली. दोन : राजकारणाशी देणंघेणं नसलेली निखळ कलावंत. दोन्हींत एक गोष्ट सुटते, तिचं काम.

'उजळ वाट'मध्ये ती मोलकरणीपासून विक्रमी विणकर झालेली तान्या. या सिनेमाचं मूळ नाव 'सिंड्रेला' होतं, ते बदलावं लागलं. भूमिकेसाठी ती प्रत्यक्ष माग चालवायला शिकली. 'वसंत'मध्ये शास्त्रज्ञ आणि अभिनेत्री अशी दुहेरी भूमिका केली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. युद्धात तिनं सैनिकांसमोर कार्यक्रम केले. आणि एक बारीकशी नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते : 1938 मध्ये, गाण्याच्या कार्यक्रमांसाठी ती अवाच्या सवा मानधन मागते म्हणून 'सोवेत्स्कोये इस्कुस्त्वो' या वृत्तपत्रानं तिच्यावर जाहीर टीका केली. ज्या वर्षी तिच्या सिनेमाच्या छायाचित्रकाराला गोळी घातली गेली, त्याच वर्षी ती आपल्या कामाची किंमत ठरवत होती.

बाहुली मानधनाची घासाघीस करत नाही. आणि ज्याच्या घरातल्या माणसाला 1930 मध्ये उचललं, ज्याचे लेखक चित्रीकरणावरून नेले, ज्याचा छायाचित्रकार परत आला नाही, त्या माणसाला राजकारण माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? तिला किती माहीत होतं, हा प्रश्न बहुधा निष्फळ. ती ज्या व्यवस्थेत काम करत होती, तिथे एखाद्याचं नाव मोठं होणं आणि दुसऱ्याचं पुसलं जाणं एकाच सिनेमाच्या निर्मितीत कसं घडत होतं, हा प्रश्न मात्र तपासता येतो. त्याला कागद आहेत.

तुमच्या प्रस्तावासाठी

विषय कुठलाही असो, मराठी रंगभूमीवरची नटी असो की सोव्हिएत तारका, हे करून बघा :

1. कारकिर्दीच्या तारखांशेजारी दुसरा रकाना आखा. त्यात त्या कामातल्या इतर माणसांच्या तारखा भरा. देशातल्या मोठ्या घटना नंतर.
2. श्रेयनामावली, जाहिरात, पारितोषिकांची यादी या तिन्हींतली नावं जुळवा. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. प्रत्येक खुणेचं कारण वेगळं शोधा.
3. प्रत्येक कृतीची कोणती आवृत्ती पाहिली ते पहिल्याच दिवशी वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.
4. प्रत्येक किश्शापुढे तो कधी आणि कोणी सांगितला ते लिहा. हे दोन्ही मिळालं नाही तर तो किस्सा आठवणींच्या प्रकरणात जाईल, घटनांच्या नाही.

एवढं केलंत की 'यात प्रश्न काय आहे?' याचं उत्तर दुसऱ्या रकान्यातच सापडायला लागतं. ओर्लोवाच्या बाबतीत त्या रकान्यात एर्दमान आहे, मास आहे, निल्सन आहे, मिखोएल्स आहेत. त्यांना वगळून तिचं चरित्र लिहिलं, तर ज्यांनी ही नावं पुसली त्यांचंच काम आपण पुढे चालवलं असं होईल.