पाच वर्षांची अट

ऑगस्ट १९४९. दिल्लीत घटना समितीपुढे नागरिकत्वाचे कलम आले होते आणि अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख बोलायला उभे राहिले. वऱ्हाडात त्यांची ओळख शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक आणि शेतकऱ्यांचे कैवारी अशी. त्या दिवशी त्यांचा विषय मात्र वेगळा होता. मसुद्याप्रमाणे या भूमीवर जन्मलेला किंवा सलग पाच वर्षे राहिलेला माणूस भारताचा नागरिक ठरणार होता. एवढ्यावर नागरिकत्व दिले तर ते जगात सर्वांत स्वस्त होईल, असे पंजाबरावांचे म्हणणे होते. जो हिंदू किंवा शीख दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी तरतूदही त्यांच्या दुरुस्तीत होती. सभागृहाने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. पाच वर्षांची अट कलम ५ मध्ये कायम राहिली.

परदेशातून आलेला माणूस किती वर्षे राहिला की तिथला होतो? जपानने या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षे आधीच कायद्यात लिहून ठेवले होते. १८९९ च्या जपानी राष्ट्रीयत्व कायद्यातही पाचच वर्षे होती. त्या देशाशी वऱ्हाडाचा व्यवहार तर त्याहून जुना.

तो व्यवहार कापसाचा. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढे आगगाडी आली आणि अमरावती, अकोला, खामगावची रुई मुंबईच्या गोदीत पोचू लागली. व्यापाऱ्यांनी या रुईला अमरावतीवरूनच नाव दिले, ‘ऊमरा’. आखूड धाग्याची, थोडी खरबरीत अशी ही रुई मँचेस्टरला फारशी पसंत नव्हती. जपानी गिरण्यांना मात्र जाड्याभरड्या सुतासाठी अशीच स्वस्त रुई हवी होती. अमेरिकी कापसात हिंदुस्थानी कापूस नेमका किती मिसळायचा, याचे तंत्र त्यांनी बसवले. नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईला निघाले आणि जमशेटजी टाटा व निप्पॉन युसेन काइशा यांनी ठरवलेली मुंबई–कोबे जहाजवाहतूक सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत जपानचा वाणिज्य दूतावास उघडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपान हे हिंदुस्थानी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले होते. १९३३ मध्ये जकातीच्या भांडणातून जपानी गिरण्यांनी इथल्या कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा सरकारला वाटाघाटींना बसावे लागले. १९३४ च्या करारात हिशेबच तसा मांडला होता : जपानने १० लाख गाठी घेतल्या तर ३२.५ कोटी वार कापड इकडे पाठवायची मुभा, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार.

वऱ्हाडातली पऱ्हाटी अशी कोबे-ओसाकापर्यंत गेली. माणसे मात्र क्वचित गेली, आणि गेलेली तिथली झाली असे तर फारच थोड्यांच्या बाबतीत घडले. योकोहामा-कोबेत वसलेले हिंदी व्यापारी प्रामुख्याने सिंधी आणि गुजराती. १९२३ च्या भूकंपात योकोहामाने आपल्याला आसरा दिला, याची आठवण म्हणून त्यांनी तिथल्या यामाशिता बागेत पाणपोई बांधून दिली. ती आजही उभी आहे. यातली पुष्कळ घरे पिढ्यान्‌पिढ्या जपानमध्ये राहिली, तरी कागदोपत्री परदेशीच राहिली.

अपवाद ठरले रासबिहारी बोस. १९१५ मध्ये इंग्रजांना चुकवून, खोट्या नावाने ते जपानला पोचले. हद्दपारीचा हुकूम निघाला तेव्हा तोक्योच्या शिंजुकू भागातल्या ‘नाकामुराया’ या पाव-बिस्किटांच्या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नीने त्यांना आपल्या आवारात लपवले. १९१८ मध्ये सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी, त्यांचे लग्न झाले आणि १९२३ मध्ये ते जपानचे नागरिक झाले. दोनच वर्षांनी तोशिको गेली. बोस मात्र सासऱ्यांच्या दुकानाशी जोडलेले राहिले. १९२७ मध्ये नाकामुरायाने त्यांच्या पद्धतीची करी विकायला काढली, ती आजही मिळते. कायदा पाच वर्षे मोजत होता. त्याआधी एका बेकरीवाल्याच्या घराने या माणसाची हमी घेतली होती.

या इतिहासाची उलटी बाजू विदर्भातच पाहायला मिळते. जपानच्या ओकायामा प्रांतात १९३५ मध्ये जन्मलेले सुरई ससाई हे भिक्खू १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले. तिथल्या बुद्धविहारात त्यांनी वस्तीतल्या लोकांची भाषा, जेवण आणि दुःखे आपलीशी केली. वर्षे गेली, व्हिसाची मुदत संपली आणि देश सोडायची वेळ आली. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, सह्यांची मोहीम निघाली, लाखो सह्या गोळा झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, राजीव गांधींच्या काळात, त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. आर्य नागार्जुन हे नाव त्यांनी घेतले. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले. अमरावती-अकोल्याहून दरवर्षी रेल्वेने दीक्षाभूमीला जाणाऱ्या वऱ्हाडातल्या बौद्ध कुटुंबांना भदंत ससाई परके कधी वाटलेच नाहीत.

दरम्यान भारताचा कायदा कडक होत गेला होता. १९५५ च्या कायद्यातली सुमारे ५ वर्षांची अट १९८६ मध्ये १० वर्षांवर गेली आणि २००३ च्या दुरुस्तीने १२ वर्षांवर. वास्तव्याच्या वर्षांपुरता तरी पंजाबरावांचा आग्रह उशिरा मान्य झाला म्हणायचा.

मराठी माणूस जपानचा नागरिक होण्याची ठळक घटना मात्र अलीकडची आहे. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक जपानी शिकले, विद्यार्थी म्हणून तिकडे गेले, पुढे माहिती तंत्रज्ञान आणि बँकेच्या नोकरीत स्थिरावले. तोक्योच्या एदोगावा विभागात २००० च्या सुमारास संगणकातल्या ‘वाय-टू-के’ अडचणीसाठी आलेल्या भारतीय अभियंत्यांची वस्ती वाढत होती. पुराणिकही तिथेच राहिले. २०१२ मध्ये त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. जपानी साहित्याचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कीन हेही त्याच वर्षी, ८९ व्या वर्षी, जपानी झाले.

एप्रिल २०१९ मध्ये पुराणिक एदोगावाच्या विभागसभेची निवडणूक लढले. जपानमध्ये मतदाराला छापील चिन्हावर शिक्का मारायचा नसतो. कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव पेन्सिलीने लिहायचे असते. ‘योगी’ हे नाव हिरागाना लिपीत दोन अक्षरांत मावते. मोजणी झाली तेव्हा ६,४७७ मते त्यांच्या नावावर निघाली. त्या विभागात चार हजारांहून अधिक भारतीय राहत असले, तरी परदेशी नागरिकाला तिथे मताचा अधिकार नाही. म्हणजे हे नाव हाताने लिहिणारे जवळजवळ सगळे जन्माने जपानी शेजारी होते. २०२४ मध्ये पुराणिक इबाराकी प्रांतातल्या एका नामांकित सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

आज जपानमध्ये राहणाऱ्या भारतीयांची संख्या ५० हजारांपुढे गेली आहे. त्यांत नागपूर, अमरावती, अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुले-मुलीही आहेत. त्यांच्यापैकी कुणी ‘किका’, म्हणजे नागरिकत्वासाठी, अर्ज करायचा ठरवला, तर त्याची वाट होमुक्योकु या कायदेविषयक कचेरीतून जाते. सध्याचा कायदा १९५० चा. पाच वर्षे सलग वास्तव्य, वयाची १८ वर्षे पूर्ण, चांगली वर्तणूक, पोटापाण्याची सोय आणि जुने नागरिकत्व सोडण्याची तयारी, या त्यातल्या मुख्य अटी. अर्जाला फी नाही, पण कागद ढीगभर. अर्जदाराचा जन्मदाखला तर हवाच, शिवाय आई-वडिलांच्या लग्नाचा दाखलाही मागतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या खेड्यात मांडवात लागलेल्या लग्नाची नोंद कुठली असणार? मग ग्रामपंचायत, तहसील, नोटरी अशा चकरा गावाकडच्या भावाला माराव्या लागतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तरी प्रतिज्ञापत्र आले. मग या सगळ्याचे जपानी भाषांतर. शेवटी, मला इथला नागरिक का व्हायचे आहे, हे अर्जदाराने स्वतःच्या हाताने जपानीत लिहून द्यायचे.

मुलाखत होते, अधूनमधून चौकशी होते, वर्षभर वाट पाहावी लागते. मंजुरी मिळाली की नाव ‘कान्पो’ या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि ‘कोसेकी’ ही कुटुंबनोंद उघडते. तिच्यात आडनाव आणि स्वतःचे नाव, एवढ्याच जागा. मराठी नावाच्या मध्यात असणाऱ्या वडिलांच्या नावाला तिथे वेगळे घर नाही. एके काळी जपानी वळणाचे नाव घ्यावे असा कचेऱ्यांचा आग्रह असे. १९८० च्या दशकानंतर तो सैल झाला आणि कातकाना लिपीत मूळ नाव ठेवणे सोपे झाले.

गावाकडचा हिशेब वेगळाच. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसरे नागरिकत्व घेतल्याक्षणी भारताचे संपते. पासपोर्ट दूतावासात जमा करावा लागतो. २००५ पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची सोय झाली, त्यामुळे व्हिसाशिवाय येता-जाता येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. अकोल्याच्या काळ्या मातीत ज्याचा जीव अडकला आहे, त्याला ही एकच तरतूद सातबाऱ्याशी धरून ठेवते.

कोसेकीत नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे जन्मस्थानही नोंदवलेले असते. कोबेच्या गोदीत उतरणाऱ्या गाठींना व्यापारी ज्या शहरावरून ऊमरा म्हणत, ते अमरावती नाव एखाद्या कुटुंबाच्या नोंदीत आता कातकानात लिहिले जाते.