एकाकीपणाचा इतिहास : मराठी कथेतील स्त्री

मराठी कथासमीक्षेत स्त्रीपात्रांच्या एकाकीपणाचा उल्लेख वारंवार येतो. मात्र तो बहुधा एक स्थिर भावावस्था म्हणून. कधी ती स्त्रीस्वभावातील हळवेपणाची खूण ठरते, तर कधी आधुनिक माणसाच्या परात्मतेचे एक उदाहरण. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते : या एकाकीपणाला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा घराच्या जमाखर्चाशी बांधलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकाकी स्त्री म्हणजे प्रामुख्याने विधवा. ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः आलेल्या हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीतील यमूला रूढीने कुटुंबाच्या कडेला लोटले आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि हे चित्र बदलले. मधल्या काळात कर्वे यांचे महिला विद्यापीठ (१९१६) आणि शारदा कायदा (१९२९) येऊन गेले होते. शिकलेली, नोकरी करणारी अविवाहित मुलगी मध्यमवर्गीय घरात दिसू लागली होती. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच तिचा पेच आहे. या मुलीला घराने टाकलेले नाही. घराला तिची गरज आहे, आणि ही गरजच तिला एकटी पाडते. तिच्या मिळकतीवर चालणारा संसार तिचा नाही आणि तिच्या स्वतःच्या संसाराचा विचार कोणाच्याच सोयीचा नाही. पुस्तकावर मोठे वादळ उठले. लेखिका बाळूताई खरे (पुढे मालतीबाई बेडेकर) टोपणनावाआड होत्या. ज्या वर्गाच्या अनुभवाचा हा उच्चार होता, त्यातील स्त्रीला तो स्वतःच्या नावाने करता येत नव्हता, ही बाब कथांच्या आशयाबाहेरची मानता येत नाही.

१९४५ नंतरच्या नवकथेने मनोव्यापारांचे सूक्ष्म चित्रण शक्य केले. अरविंद गोखले यांनी तर स्त्रीला केंद्रस्थानी ठेवून विपुल लेखन केले. तथापि या लाभाबरोबर एक हानीही झाली. स्त्रीच्या मनात काय चालले आहे हे कथा अधिक नेमकेपणाने सांगू लागली, पण ती एकटी का आहे हा प्रश्न मागे सरला. समीक्षेने या बदलाचे स्वागत ‘सामाजिक’ कथेकडून ‘मानवी’ कथेकडे झालेली प्रगती म्हणून केले. त्यामुळे विभावरींची कथा प्रश्नप्रधान ठरून इतिहासाच्या कप्प्यात गेली.

कमल देसाई यांच्या ‘रंग’ (१९६२) मधील कथांना ही विभागणी लागू पडत नाही. त्यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप झाला, पण ती दुर्बोधता अर्थपूर्ण आहे. ‘तिळा बंद’ या शीर्षकात ‘तिळा उघड’ हा परिचित मंत्र उलटला आहे. दार उघडण्याऐवजी ते मिटून घेण्याची ही भाषा आहे. येथे एकाकीपणा केवळ सोसायची गोष्ट राहत नाही; उपलब्ध नात्यांना दिलेला तो नकारही असतो. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) मधील दीर्घकथांत हा नकार अधिक मोकळा, अधिक सुखवस्तू होतो. एकटे असणे हा हक्क म्हणून मागता येतो.

परंतु हा हक्क मागण्यासाठी स्वतःची खोली आणि स्वतःचा पैसा लागतो. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेतील आंबे विकणारी आई भर बाजारात आहे. तिच्या मालाच्या नावावरून होणारे अश्लील विनोद तिच्या शाळकरी मुलाला लाजवतात. ती मात्र त्यांना रोखठोक उत्तर देते. तिला एकाकी म्हणावे काय? आत्ममग्नता, मौन, बंद दार ही मध्यमवर्गीय कथेने घडवलेली लक्षणे तिला लावली तर उत्तर नकारार्थी येते. तरीही त्या गर्दीत तिच्या बाजूने बोलायला तिच्यावाचून कोणी नाही.

हा क्रम लक्षात घेतला की एकाकीपणाचे वाचन मनोविश्लेषणापाशी थांबवता येत नाही. घर कोणाच्या कमाईवर चालते, दार आतून बंद आहे की बाहेरून, आणि दार असण्याइतके घर तरी आहे का, हे प्रश्न कथेच्या कलात्मकतेपासून वेगळे काढता येत नाहीत. कारण निवेदनाचा सूर आणि मौनाची जागा त्यांच्यावरूनच ठरत आलेली आहे.