भुंगेऱ्यांच्या बाहुल्या : खोट्या हालचालीतून खरा कीटक शिकवता येतो का?

विज्ञानप्रसाराच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपण पाठ्यपुस्तकं आणि सरकारी अहवाल शोधायला लागतो. बाहुल्यांच्या खेळाकडे पुरावा म्हणून फारसं कुणी बघत नाही. म्हणून आज असं एक उदाहरण घेऊ, ज्यात कीटकांचा अभ्यास आणि बाहुल्यांचं नाटक एकमेकांत पार मिसळलेलं आहे.

व्लादिस्लाव स्तारेविच (१८८२-१९६५) हा मॉस्कोत जन्मलेला, पोलिश-लिथुआनियन घरातला माणूस. त्याला कीटकांचा भारी नाद. १९१० च्या सुमारास तो कौनासमध्ये होता. हे शहर आज लिथुआनियात आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. तिथल्या संग्रहालयासाठी तो निसर्गावरच्या चित्रफिती करत होता. त्याला एक झुंज टिपायची होती. युरोपात 'लुकानस सर्व्हस' नावाचा मोठा भुंगेरा सापडतो. याच्या नराचे जबडे सांबराच्या शिंगांसारखे असतात आणि मादीसाठी नर एकमेकांना त्या जबड्यांत धरून उलथवतात.

अडचण अशी की हा भुंगेरा मुख्यतः संध्याकाळी बाहेर पडतो आणि चित्रीकरणाला प्रखर दिवे लागतात. दिवे लावले की भुंगेरे गपगार! मग स्तारेविचने मेलेले भुंगेरे घेतले, त्यांचे पाय काढून मेणाने तारा जोडल्या आणि दर चौकटीला त्यांची जागा किंचित बदलत झुंज उभी केली. थोडक्यात, भुंगेऱ्यांच्याच बाहुल्या केल्या.

आता इथे जरा थांबा. ही झुंज खरी की खोटी? समोर दिसणारी प्रत्येक हालचाल बनावट आहे. पण नर असे झुंजतात, हे खरं आहे. उलट जिवंत भुंगेऱ्यांची 'अस्सल' फीत घेतली असती, तर प्रेक्षकांना वाटलं असतं की हा आळशी किडा आहे. म्हणजे 'अस्सल म्हणून विश्वसनीय' हे समीकरण इथेच कोलमडतं.

पण तारा जोडलेला भुंगेरा काहीही करू शकतो. १९१२ च्या 'कॅमेरामनचा सूड' या चित्रपटात स्तारेविचने भुंगेऱ्यांचं जोडपं, त्यांची बाहेरची प्रेमप्रकरणं आणि किल्लीच्या भोकातून चित्रीकरण करणारा टोळ दाखवला. शरीरं कीटकांची, वागणं शहरी माणसांचं. गंमत म्हणजे त्याच्या चित्रपटांतले कीटक जिवंत आणि शिकवलेले आहेत, असं ब्रिटनमधल्या काही पत्रकारांनी मानल्याचं सांगितलं जातं. अर्थात, करणाऱ्याचा हेतू एक आणि बघणाऱ्याची समजूत दुसरी. दोन्हींसाठी पुरावे वेगळे शोधावे लागतात. शिवाय तारा-मेणाची ही कहाणी बरीचशी स्तारेविचच्या नंतरच्या आठवणींवर उभी आहे. तिला तंत्राबद्दलची साक्ष म्हणून घ्या, रोजनिशी म्हणून नको.

माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न मंचावर काय आलंच नाही, हा आहे. या भुंगेऱ्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून जातो. ती अळी कुजक्या लाकडात अनेक वर्षं असते. प्रौढ भुंगेरा जेमतेम एका उन्हाळ्याचा पाहुणा. झुंज नाट्यमय, म्हणून ती लक्षात राहते. कुजक्या ओंडक्यातली अळी कोण बघणार? पण हा कीटक टिकतो तो त्या ओंडक्यामुळे. 'स्वच्छता' म्हणून जुनी झाडं आणि ओंडके हलवले की त्याचं घरच जातं. आज युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात संरक्षणासाठी याचं नाव आहे. घरच्यांसोबत खेळ बघायला आलेलं मूल शिंगं लक्षात ठेवून जाईल, पण ओंडका का ठेवायचा हे त्याला कळणार नाही.

तुमच्या प्रस्तावात हीच पद्धत वापरून बघा. समजा, डासांवरचा एखादा बाहुल्यांचा खेळ अभ्यासताय. खेळातली माहिती बरोबर की चूक, एवढ्यावर थांबू नका. डास चावतानाच दाखवलाय, की साचलेल्या पाण्यातली अळीही आहे? तो निर्णय कुणी घेतला: लेखकाने, पैसे देणाऱ्या खात्याने, की बाहुली हलवण्याच्या सोयीने? आणि प्रेक्षक घरी गेल्यावर काय बोलले, याचा काही माग सापडतो का? संहिता, बाहुल्या, हिशेबाच्या वह्या, मुलाखती... साधनं इथूनच शोधायला लागा.