साठाची लय, पन्नासाची लय

एकच ओवी कोंकणांत एका चालीनें आणि देशावर दुसऱ्या चालीनें म्हटली जाते, याचें आपणांस आश्चर्य वाटत नाहीं. गळा बदलला, गांव बदललें, कीं चाल बदलावयाचीच. परंतु कारखान्यांतून निघालेली वस्तु मात्र सर्वत्र सारखीच वाजावी अशी आपली अपेक्षा असते. व्हिडिओ गेमचें संगीत ही तशीच एक वस्तु. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील घरांत १९९० नंतरच्या दहा वर्षांत तें कसें ऐकूं आलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

देशाप्रमाणें खेळाचें संगीत बदलण्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे सेगा कंपनीचा ‘सोनिक सी. डी.’ हा खेळ. १९९३ सालीं तो जपानांत निघाला तेव्हां त्याचें संगीत नाओफुमी हताया व मासाफुमी ओगाता यांचें होतें. दोनच महिन्यांनीं तो अमेरिकेंत आला तों स्पेन्सर निल्सन व डेव्हिड यंग यांच्या नव्या चाली घेऊन. मौज अशी कीं, खेळांत नायक भूतकाळांत जातो त्या भागांचें संगीत तबकडीवर ध्वनिमुद्रित केलेलें नसून यंत्राकडूनच वाजविलें जात असे. तें बदललें गेलें नाहीं. त्यामुळें अमेरिकन मुलाला वर्तमानकाळ अमेरिकन सुरांत आणि भूतकाळ जपानी सुरांत ऐकूं येई!

हा बदल कोणी तरी ठरवून केलेला. आमच्या उपनगरांत जो बदल झाला, तो कोणींच ठरविला नव्हता.

क्योतो येथील निन्टेंडो कंपनीनें १३ सप्टेंबर १९८५ रोजीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानांत विक्रीस काढला. त्याचें संगीत कोजी कोन्दो यांचें. सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला. त्यांत ध्वनिमुद्रणाला जागा कोठून असणार? म्हणून गाणें स्वरलिपीप्रमाणें आकड्यांत लिहिलेलें होतें, आणि तें यंत्रांतील ध्वनिजनक भाग त्या त्या क्षणीं वाजवून दाखवी. आतां स्वरलिपी म्हटली कीं ठेका धरणारा कोणी तरी हवा. तें काम येथें टीव्हीच्या पडद्याकडे होतें. पडद्यावर एक चित्र उमटलें कीं गाणें एक पाऊल पुढें सरकावयाचें. जपानी टीव्हीवर सेकंदास साठ चित्रें उमटत, म्हणून गाण्याची लय साठाची.

आमच्याकडे हा आकडा पन्नास होता. टीव्हीच्या या वेगाचें मूळ विजेच्या दिव्यांत आहे. विजेच्या प्रवाहाला सेकंदास जितकीं आवर्तनें, तितकींच चित्रें पडद्यावर उमटविलीं, म्हणजे विजेच्या गुणगुणण्यानें पडद्यावर सरकणारे आडवे पट्टे येत नाहींत. म्हणून आरंभींच्या तंत्रज्ञांनीं दोहोंचा मेळ घातला. अंधेरी-बोरिवलीला वीज १९२९ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीची, मुलुंडला राज्य वीज मंडळाची; पण बिल कोणाचेंहि येवो, आवर्तनें पन्नासच. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरूं झालें तें याच मापानें, आणि १९८२ सालीं रंग आले तेहि पन्नास चित्रांच्या ‘पाल’ पद्धतीनें. (खुद्द जपानची गंमत अशी कीं, टोकियोकडील वीज पन्नासाची आणि ओसाका-क्योतोकडील साठाची, कारण एका भागानें पहिलीं यंत्रें जर्मनीहून आणिलीं व दुसऱ्यानें अमेरिकेहून. टीव्ही मात्र सर्व देशभर साठाचाच.)

आपल्याकडील घरांत आला तो बहुधा मूळ निन्टेंडो नव्हे, तर परवानगीवांचून केलेली त्याची नक्कल. लॅमिंग्टन रोडवरून किंवा मनीष मार्केटांतून ती येई, आणि तिच्यांत घालावयाच्या ठोकळ्याला मुलें ‘कॅसेट’ म्हणत. येथें एका बारकाव्याकडे लक्ष द्यावें. ग्रामोफोनची तबकडी मंद फिरविली तर लय उतरते आणि तिच्याबरोबर सूरहि उतरतो. निन्टेंडोनें युरोपासाठीं काढलेल्या पन्नासाच्या यंत्रांतहि जवळजवळ हेंच होई. तेथें यंत्राचें अंतर्गत घड्याळच सुमारें सात टक्के मंद होतें; म्हणून खेळ न सुधारतां चढविला, तर सूर अर्ध्या स्वराहून अधिक खालीं जाई. ‘मारिओ’चे वेगाचे आकडे तर कंपनीनें युरोपासाठीं मुद्दाम बदलून दिले. पण तैवानांतील कारागिरांनीं ‘पाल’ देशांच्या नकलेसाठीं जी चिप बनविली, तिचें घड्याळ मूळच्या जपानी घड्याळाहून फक्त एक टक्का मंद ठेविलें. तेवढ्यानें सूर उतरला तो एका प्रमाणश्रुतीहूनहि कमी. कानाला तो कळावयाचा नाहीं. चित्रें मात्र पन्नासच.

याचा अर्थ असा कीं, घाटकोपरच्या चाळींत वाजणाऱ्या मारिओचा षड्ज जागच्या जागीं होता, आणि लय तेवढी सहांतून एक भाग उतरली होती. जपानी मूल द्रुत ऐके, तेंच आमचें मूल मध्य लयींत ऐके. आणि संगीतच कशाला? मारिओचें धांवणें, उडी, खेळांतील घड्याळ, सारेंच त्या ठेक्यावर चाले. पहिल्या मजलीला ४०० आंकडे मिळत; ते जपानांत १६० सेकंदांत संपत, आमच्याकडे १९२ सेकंदांत. शंभर उरले कीं संगीत एकदम घाईला येई. पण आमची ती घाईहि थोडी सवडीचीच म्हणावयाची!

या खेळांत गुप्त जागा पुष्कळ होत्या. मूळ खेळाबरोबर माहितीपुस्तिका येत असे. नकलेबरोबर ती कोठली येणार? तेव्हां सारी विद्या मौखिक. जमिनीखालच्या दुसऱ्या मजलींत छतावरून चालत गेलें कीं पुढच्या जगांत नेणारे नळ सांपडतात, हें जिन्यांत, शाळेच्या डब्याच्या सुटींत, एकानें दुसऱ्यास सांगावयाचें. त्यांत एक गोष्ट अशी होती कीं, ऐकणारा हटकून ‘थापा मारूं नकोस’ म्हणे. त्याच मजलीच्या शेवटीं विशिष्ट तऱ्हेनें उडी मारली, तर मारिओ भिंतींतून आरपार जातो आणि ‘उणें एक’ नांवाच्या जगांत पोहोंचतो. ही थाप नव्हती. खरें पाहतां तें छत्तिसावें जग. परंतु छत्तीस या क्रमांकाच्या जागीं कोरें चित्र असल्यानें पडद्यावर नुसती रेघ आणि एक दिसे. तेथें पाणीच पाणी, आणि शेवटच्या नळांत शिरावें तों पुन्हां आरंभींच! वेळ संपेपर्यंत सुटका नाहीं. जपानांत १९८६ सालीं हाच खेळ चुंबकीय तबकडीवर निघाला. त्यांत या उणें जगाच्या तीन मजली लागतात, पाण्यांत राजकन्या तरंगतांना दिसते, आणि शेवटीं सुटकाहि होते. आमच्या कॅसेटींत तबकडीचा खेळ नसे. उपनगरांतील मुलांच्या वांट्याला अंत नसलेलें पाणीच आलें.

तीं यंत्रें आतां भंगारांत गेलीं, आणि तसे टीव्हीहि राहिले नाहींत. आज तोच खेळ फोनवर लावला तर तो साठाच्या लयींत वाजतो. त्या वेळचीं मुलें, आतां चाळिशींतलीं माणसें, तो ऐकून म्हणतात कीं हा भरभर पळतो, असा नव्हताच मुळीं. त्यांचा कान खोटा नाहीं. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे जे एम्युलेटर आहेत, त्यांपैकीं कांहींत पन्नास चित्रें आणि न उतरलेला सूर असा एक स्वतंत्र पर्याय ठेविलेला आहे. तो निवडला कीं बोरिवलीची लय परत ऐकूं येते. फक्त तो शोधावयाचा तर ‘डेंडी’ या नांवाखालीं शोधावा लागतो. १९९२ च्या अखेरीस रशियांत विकावयास आलेल्या अशाच एका नकलेचें तें नांव आहे.