डाळ धुतलेलं पाणी

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला. विहिरीत पाणी असते, पण खारं. झाडाला घातलं की पानाच्या कडा करपतात, माती वरून पांढरी पडते. त्यामुळे आमच्या सांदवाड्या उन्हाळ्यात जगल्या त्या घरातल्या उरल्यासुरल्या गोड्या पाण्यावर.

पावसाळ्यात काय, कोणाच्याही सांदवाडीत दोडकं, वाल, झेंडू, सांबार येतोच. (कोथिंबिरीले आम्ही सांबार म्हणतो, पुण्याच्या पाहुण्याची इथं पंचाईत होते.) खरी परीक्षा वैशाखात. 1972 च्या पावसानं दगा दिला. 1973 च्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. रेशनवर लाल मिलो, बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. गोडं पाणी दोन कोसांवरून बैलगाडीनं यायचं. डाळ धुतलेलं पाणी माय एका दोडक्याच्या वेलाला घालायची. वेलाला एकच दोडकं, तेही बियाण्यासाठी राखलेलं.

एका दुपारी मी ते कोवळंच तोडून खाल्लं अन् गोठ्यात लपलो. मायनं वेलाकडं पाहिलं.

"मले सांगतलं असतं तं शिजवून देलं असतं," एवढंच बोलली.

मृग लागल्यावर ती शेजारच्या काकूकडं गेली. पदरात दोडक्याच्या चार बिया अन् झेंडूची सुकली फुलं घेऊन आली. दसऱ्याला दारावर त्याच झेंडूचं तोरण होतं. दोडक्याची पहिली दोन फळं तिनं वेलावरच वाळू दिली. मी त्या बाजूनं जातही नव्हतो.